चोर्ला चढेल, पण नव्वदने पळवू नका : एफ77 माक 2 रेकॉन

अल्ट्राव्हायोलेट कंपनीच्या या विजेवर चालणाऱ्या मोटरसायकलबद्दल गोव्यात पहिला प्रश्न हमखास येतो: बेळगावच्या वाटेवरचा चोर्ला घाट चढेल का? चढते, आणि दमतही नाही. हिशेब साधा आहे. गाडी 207 किलो, चालक आणि सामान मिळून 85 किलो धरा. पायथ्याच्या केरीपासून वर साधारण 800 मीटर चढायला एवढ्या वजनाला 0.64 युनिट वीज लागते, मोटार आणि तिला वीज पुरवणारा कंट्रोलर यांची गळती धरून पाऊण युनिट. या रेकॉन आवृत्तीची बॅटरी 10.3 युनिटची. म्हणजे अख्खा घाट सात-साडेसात टक्क्यांत, शिवाय उतरताना रिजनमधून, म्हणजे वेग कमी होताना मोटारच उलट वीज तयार करते त्यातून, थोडं परत मिळतं.

बॅटरी खातो तो वेग. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे 60 वरून 90 वर गेलात की तो सव्वादोनपट. सपाट रस्त्यावर 60 च्या वेगाने एका युनिटला ढोबळमानाने 25 किलोमीटर पडतात, 90 ने जेमतेम 15. एका चार्जमध्ये कंपनीने कागदावर दिलेले 323 किलोमीटर युनिटला 31 च्या हिशेबाने येतात, तेव्हा ते विसरलेलं बरं. पणजी ते कारवार आणि परत, म्हणजे सुमारे 200 किलोमीटर, साठीत राहिलात तर वीसेक टक्के शिल्लक ठेवून घरी याल. तेच नव्वदने गेलात तर येताना करमल घाट ओलांडून कुंकळ्ळीच्या आसपास गाडी बसेल. 155 चा कमाल वेग कंपनीने दिलाय तो दिलाय. राष्ट्रीय महामार्ग 66 वर त्याचं काय करायचं, देव जाणे.

वीस टक्क्यांखाली आणखी एक अडचण असते. बॅटरी उतरली किंवा तापली की कंट्रोलर ताकद आखडती घेतो. मे महिन्यात, चढणीवर, अशा वेळी ट्रकला मागे टाकायला निघालात तर अर्ध्यावर हवा तेवढा जोर मिळणार नाही. ओव्हरटेकच्या आधी टक्के आणि तापमानाची खूण, दोन्ही बघायची सवय लावा.

पावसाळ्यात रिजन जपून वापरा. गाडीत त्याचे दहा टप्पे आहेत. कोरड्या उतारावर वरचे टप्पे छान, ब्रेकपॅड वाचतात. पण रिजनची ओढ फक्त मागच्या चाकाला असते आणि उतारावर नेमकं तेच चाक हलकं झालेलं असतं. साखळी-डिचोली या गावांच्या पट्ट्यात खनिजाचे ट्रक जातात तिथे पहिल्या पावसात लाल धुळीचा नुसता लेप होतो. अशा वळणावर थ्रॉटल झटकन सोडला की मागचं चाक सरकू शकतं. चाक जाम होऊ न देणारं एबीएस ब्रेकच्या डिस्कवरचा दाब सांभाळतं, रिजनची ओढ मोटारीची असते, तिथे ते कामी येत नाही. म्हणून टप्पा दोन-तीनवर, तोही घाट सुरू होण्याआधी लावायचा. मागचं चाक जागच्या जागी फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल चालू, आणि वेग वळणाआधीच दोन्ही ब्रेकने कमी करायचा. बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना रिजन जवळपास लागतच नाही, हेही ध्यानात असू द्या. आवाज नसल्यामुळे आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवायलाच हवा. रस्त्यात बसलेल्या गुरांना गाडीची चाहूलच लागत नाही.

घाटात फोटोसाठी थांबलात तर गाडीचं तोंड चढाकडे करून स्टँड लावा. पेट्रोलची गाडी आपण पहिल्या गिअरमध्ये उभी करतो. इथे गिअरच नाही, तोंड उताराकडे असेल तर ती स्टँडवरून पुढे सरकून आडवी होते.

बेळगावला मुक्काम असेल तर चार्जिंगची चौकशी निघण्याआधी फोनवर करा. 3.3 किलोवॉटचा चार्जर साधारण 14 अँपिअर ओढतो, तोही तीन तासांहून जास्त. लॉजच्या भिंतीवरचं 16 अँपिअरचं सॉकेट हाताला सैल लागलं तर ते तापून वितळू शकतं. एक्स्टेन्शन वापरायचंच तर तार किमान 2.5 चौरस मिलिमीटरची हवी आणि रीळ पूर्ण उलगडलेलं. गुंडाळी तशीच ठेवली की आत उष्णता साचते. जुन्या घरांत अर्थिंगचीच बोंब असते. उन्हाळ्यात चिऱ्याची जमीन वाळली की अर्थिंग आणखी कमजोर होतं आणि चार्जर एरर दाखवतो. दोष गाडीला देण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. पाच व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगच्या खड्ड्याची डागडुजी करायला हवी.

बॅटरीला आयपी67 आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. त्यात धुलाई केंद्राचा प्रेशर पंप येत नाही. जोराची धार सीलमधून आत घुसते. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी चार्जिंग पोर्टचं झाकण कधी उघडं टाकू नये, पिना हिरव्या पडायला लागल्या की जोड तापतो. साखळी मात्र नेहमीसारखीच आहे, आणि शून्य वेगापासून मिळणारा 100 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, तिलाच सोसावा लागतो. पावसात दर पाचशे किलोमीटरला पुसून वंगण द्या.

मागची सीट नावापुरती. जोडीने लांब जायचं असेल तर ही गाडी घेऊ नका. एकट्याने, साठी-सत्तरीत, वाटेत एक जेवण आणि एक चार्ज घेत जाणाऱ्याला ब्रेक, चेसिस आणि वजनाचा तोल यांत नाव ठेवायला जागा नाही. 2024 मध्ये ती आली तेव्हा रेकॉनची एक्स-शोरूम किंमत 3.99 लाख होती. तेवढ्या पैशांत पेट्रोलची चांगली टूरर येते आणि पंप सगळीकडे आहेत, हाही विचार व्हावा.

पैसे भरण्याआधी शोरूममध्ये दोन गोष्टी बघा. संध्याकाळच्या टेस्ट राइडला ओळखीच्या कुणाला तरी दुसऱ्या गाडीवर मागून यायला सांगा आणि नुसत्या रिजनने वेग कमी होताना ब्रेकचा दिवा लागतो का, ते विचारा. आणि गाडी बंद पडली तर उचलून कोण नेणार, हे लेखी घ्या. चोर्ल्यात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. दोरी बांधून ओढत न्यायची तर अजिबात नाही: मागचं चाक फिरलं की साखळीने मोटार फिरते, ती वीज तयार करते आणि कंट्रोलर जळू शकतो. टेम्पोत चढवूनच न्यावी लागते.