मामियाची ८० की निकॉनची ८५?

ठाण्यातल्या भाच्याचा प्रश्न: फुल-फ्रेम मिररलेस कॅमेऱ्यावर (३६ × २४ मिमी सेन्सरचा, आत आरसा नसलेला) जुनी मॅन्युअल लेन्स लावायची, तर मामिया ६४५ची (हा मोठ्या फिल्मचा कॅमेरा) ८० मिमी एफ/२.८ घेऊ की निकॉनची ८५ मिमी एफ/२?

आधी एक गैरसमज. मोठ्या फॉरमॅटची म्हणून ८० काही वेगळी दिसत नाही. ३६ × २४ मिमी सेन्सरवर ती ८०च राहते. मधला भागच वापरला जातो, म्हणून कडा एकसारख्या येतात, पण जास्तीची शार्पनेस फुकट मिळत नाही. उलट उरलेला प्रकाश अडॅप्टरच्या (लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याच्या) नळीत आपटतो आणि कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-अंधारातला फरक, पडतो. आत काळं मखमल चिकटवा, हूड लावा.

निकॉनचं छिद्र जास्त उघडतं (एफचा आकडा लहान, तितकं छिद्र मोठं): एफ/२ म्हणजे जवळपास एक स्टॉप, साधारण दुप्पट प्रकाश. तलावपाळीवर संध्याकाळी तो जाणवतो. अडॅप्टरही आखूड, कारण लेन्सच्या माउंटपासून फिल्मपर्यंत निकॉनचं अंतर ४६.५ मिमी, मामियाचं ६३.३.

मामियाची खरी कमाई शिफ्ट अडॅप्टरवर, म्हणजे लेन्स वर-खाली सरकवता येणाऱ्या अडॅप्टरवर. मोठं इमेज सर्कल (लेन्स पाडते ते प्रतिमेचं वर्तुळ) असल्याने घोडबंदरचे टॉवर सरळ उभे राहतात.

बुरशी दोघींनाही लागते. पावसाळ्यात सिलिका जेल हवंच.

माणसं टिपायची तर निकॉन. शिफ्ट-टिल्टची (लेन्स सरकवण्याची, कलवण्याची) हौस असेल तरच मामिया.