स्पिटफायरच्या लढतीचं प्रिंट: काही महिने रोज बघितल्यावर

ब्रिटनच्या हवाई लढाईवरचं एक मर्यादित आवृत्तीचं (ठरावीक प्रतीच छापलेलं, प्रत्येकीला क्रमांक असलेलं) प्रिंट गेले काही महिने माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर आहे. १९४० चा ऑगस्ट, केंटचा किनारा, खाली पांढरे कडे. जर्मन लढाऊ विमान मेसरश्मिट १०९ सूर मारतंय आणि मागे दोन ब्रिटिश स्पिटफायर. खालच्या समासात चित्रकाराची आणि त्या लढाईत उडालेल्या दोन वैमानिकांची पेन्सिलीतली सही.

सुरुवातीला नजर धुरावरच जायची. आता ती पुढच्या स्पिटफायरवर थांबते, कारण ते विमान जवळजवळ उलटं झालंय. ही नुसती ऐट नाही. स्पिटफायरच्या त्या वेळच्या मर्लिन इंजिनाला कार्बुरेटर होता. नाक एकदम खाली दाबलं की इंधन तुटायचं आणि इंजिन क्षणभर गुदमरायचं. मेसरश्मिटच्या इंजिनात इंधन थेट फवारलं जायचं, त्यामुळे ते बिनदिक्कत सूर मारून निसटायचं. म्हणून ब्रिटिश वैमानिक आधी विमान उलटं करत आणि मग खाली ओढत. चित्रकाराने नेमका तोच क्षण धरलाय, आणि तो कळल्यापासून हे चित्र मला दुप्पट आवडायला लागलं.

दुसरा तपशील त्याहून बारीक. स्पिटफायरच्या पंखांत आठ ब्राउनिंग मशीनगन असत. उंचावरच्या थंडीत त्या गोठू नयेत म्हणून त्यांच्या तोंडांवर कापडाच्या लाल पट्ट्या चिकटवत; पहिल्याच गोळीबारात त्या फाटत. इथे पुढच्या विमानाच्या पट्ट्या फाटल्यात, मागच्याच्या शाबूत आहेत. म्हणजे मागच्या पोराने अजून एकही गोळी झाडलेली नाही! एवढ्याशा लाल ठिपक्यांतून केवढी गोष्ट सांगितलीय.

खटकतं ते अंतर. दोन्ही पंखांतल्या मशीनगनचा मारा एका ठिकाणी एकत्र यावा असा आधी ४०० यार्डांवर जुळवलेला असे, अनुभवी वैमानिकांनी तो २५० वर आणला. चित्रात मात्र शत्रूचं शेपूट हाताला लागेल इतकं जवळ आहे. चौकटीत सगळं बसवायची ही सोय मला समजते, पण त्यामुळे आकाशाचा अफाटपणा कमी होतो, आणि तो या लढाईचा गाभा होता.

प्रिंट टिकाऊ आहे. आम्लरहित माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), अतिनील किरण अडवणारी काच, कागद फक्त वरच्या कडेला अडकवलेला. रंग जसेच्या तसे आहेत, कागदाला लाट आलेली नाही. खिडकीसमोर लावल्यावर काचेत उजेडच दिसायचा, बाजूच्या भिंतीवर नेल्यावर तो त्रास संपला. माउंट कापून घेताना सह्या आणि आवृत्तीचा क्रमांक पूर्ण दिसतील एवढी जागा मागून घ्या.

सह्यांबद्दल थोडं जास्त सांगतो. त्या लढाईतले शेवटचे ज्ञात हयात वैमानिक जॉन ‘पॅडी’ हेमिंगवे मार्च २०२५ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षी गेले. नव्या सह्या आता होणं नाही, जुन्याच हातोहात फिरणार. त्यामुळे घेताना प्रिंट तिरप्या उजेडात धरा: खऱ्या पेन्सिलीला करडी चमक असते, दाबाची खूण असते. छापलेल्या सहीत भिंगाखाली बहुधा शाईचे ठिपके दिसतात. प्रिंटसोबत मिळणाऱ्या प्रमाणपत्रावरचा क्रमांक प्रिंटवरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर चित्र कितीही आवडलं तरी सहीचे पैसे देऊ नका.