सेंट्रल लाइनच्या देखभालीवरील सीएनई कार्यशाळा, शिवाजीनगर

शिवाजीनगर भागातील एका खासगी प्रशिक्षण संस्थेने परिचारिकांसाठी सेंट्रल लाइनच्या, म्हणजे रुग्णाच्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या, देखभालीवर घेतलेल्या या कार्यशाळेला मी नुकतीच उपस्थित होते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार नोंदणीच्या नूतनीकरणासाठी 5 वर्षांत 150 तासांचे निरंतर परिचर्या शिक्षण (सीएनई) आवश्यक असल्याने पुण्यात अशा कार्यशाळांना गर्दी होतेच. म्हणूनच प्रमाणपत्रावरचे तास खरोखर शिकण्यात गेले का, हे पाहणे मला महत्त्वाचे वाटते.

प्रात्यक्षिक उत्तम होते. त्वचेवर लावलेले अँटिसेप्टिक आपोआप पूर्ण सुकेपर्यंत प्रशिक्षक सिस्टरांनी कोणालाही ड्रेसिंगला हात लावू दिला नाही, आणि घाईने गॉजने टिपून घेणाऱ्या एका मुलीला त्यांनी न रागावता सगळी कृती पहिल्यापासून करायला लावली. पारदर्शक ड्रेसिंग 7 दिवसांनी, गॉजचे 2 दिवसांनी, पण ओले वा सैल झाल्यास लगेच बदलायचे, हे वॉर्डात सर्वांना तोंडपाठ असते. ते हातात मुरवणारे शिक्षक मात्र क्वचितच भेटतात.

तासांच्या हिशेबाबद्दल माझी स्पष्ट तक्रार आहे. अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटर ज्या संस्थांना मान्यता देते, त्यांच्याकडे 60 मिनिटांच्या शिक्षणाचा एक संपर्क तास धरला जातो आणि जेवणाची किंवा चहाची सुट्टी त्यात मोजली जात नाही. येथे दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि भोजन यांचा वेळही प्रमाणपत्रात जमा झाला. त्याच मानकांनुसार कार्यक्रमाचे नियोजन परिचारिकेकडेच असावे लागते, विषय कामातील नेमकी उणीव शोधून ठरवावा लागतो, आणि व्याख्यात्यांचे कंपन्यांशी असलेले संबंध आधी जाहीर करावे लागतात. ड्रेसिंग बनवणाऱ्या कंपनीचे बोधचिन्ह येथे व्याख्यानाच्या स्लाइडवरच होते, आणि त्याबद्दल मंचावरून कोणी अवाक्षर काढले नाही. शिक्षण आणि विक्री यांच्यातील भिंत इतकी पातळ असणे मला मान्य नाही, कारण इथे ऐकलेले दुसऱ्या दिवशी रुग्णाच्या अंगावर वापरले जाते.

शुल्क वाजवी, बसण्याची सोय ठीक. प्रात्यक्षिकासाठी सहकाऱ्यांनी जरूर जावे, मात्र तासवार वेळापत्रक आणि प्रायोजकांची माहिती आधी लेखी मागावी. मी दोन्ही मागितली, त्यातले वेळापत्रक लगेच मिळाले, प्रायोजकांबाबतचे उत्तर अजून यायचे आहे.