मराठी पॅकचा रिव्ह्यू: चित्र क्लिअर, डायलॉग ऐकवत नाहीत

रेटिंग आधीच सांगून टाकते, 5 पैकी 2. एक स्टार केबलवाल्यांच्या सर्व्हिसला आणि एक त्या मोजक्या लेखकांना ज्यांच्या सिरियलमध्ये बाईला कुणी काही लागेल असं बोललं तर समोरून उत्तर मिळतं.

गोव्यात, फोंड्याला आमच्या वाड्यावर आधी डिश होती, पण पाऊस लागला की ऐन संध्याकाळी नो सिग्नल, म्हणून फायबरची केबल घेतली आणि त्यावर मराठी चॅनलचा पॅक. चित्र स्वच्छ, पावसातही चालतं, तक्रार केली की माणूस दुसऱ्या दिवशी येतो. ह्या बाबतीत बोलायला जागा नाही.

पण पॅक म्हणजे शेवटी सात ते दहा ह्या वेळात घरात काय ऐकू येतं तेच ना. आमच्याकडे सासूबाई, मी, नवरा आणि सहावीतली मुलगी, जेवणं पण टीव्हीसमोरच होतात, आणि मी भाकऱ्या करताना स्क्रीन बघत नाही, फक्त ऐकते, त्यामुळे साड्या-दागिने बाजूला राहून डायलॉगच जास्त लक्षात येतात. "मुलीच्या जातीला एवढा आवाज शोभत नाही." "चार पैसे कमावते म्हणून डोक्यावर बसलीये." "हातात बांगड्या भरल्यात काय", हे पुरुषाने पुरुषाला भित्रा म्हणायचं असेल तेव्हा. ऑफिसात बाई बॉस असेल तर ती खडूस, आणि ती खडूस का तर लग्न झालेलं नाही, हे कुणीतरी पात्र हसत हसत सांगणारच. मूल नसलेल्या बाईला काय काय बोलतात ते तर मी इथे लिहिणार पण नाही, जिच्या घरात ते दुःख आहे तिने रिमोट हातात घेऊनच बसायचं का रोज?

आता लगेच कोणीतरी म्हणेल की अहो ते निगेटिव्ह कॅरेक्टर आहे. निगेटिव्ह कॅरेक्टरबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. आम्ही जत्रेतली नाटकं बघत मोठे झालेले लोक, खलपुरुष वाईट बोलणार हे आम्हाला कळतं, तो बोलतो तेव्हा सगळा मांडव त्याच्यावर चिडलेला असतो. माझा राग आहे तो त्याच वाक्यावर जेव्हा ते घरातली प्रेमळ आजी बोलते, मागे बासरी वाजते, सून मान खाली घालून गोड हसते आणि सीन संपतो. कोणी उत्तर देत नाही, कोणाचा चेहरा पण बदलत नाही, म्हणजे बघणाऱ्याला सांगितलं काय तर हे शहाणपण आहे, ऐकून घ्या. माझ्या मुलीने गेल्या चवथीला चुलत भावाला "मुलीसारखा काय रडतोस" म्हटलं. स्वतः मुलगी असून. आमच्या घरात असं कोण बोलत नाही, हे कुठून आलं ते मला शोधावं लागलं नाही.

आणि ते लग्नाच्या दिवसापासून सुरू होणारं अहो. कॉलेजात एका बाकावर बसणारे, एकमेकांना अरे-तुरे करणारे दोघं, अक्षता पडल्या की ती अहो म्हणते आणि तो अगंच म्हणत राहतो, तिची नोकरी त्याच्यापेक्षा मोठी असली तरी. ज्यांना मनापासून म्हणायचं त्यांनी म्हणावं, माझ्या सासूबाई म्हणायच्या, पण प्रत्येक सिरियलमध्ये प्रत्येक जोडप्याने तसंच बोललं पाहिजे असं कोणी ठरवलं?

गोव्यात बसून ऐकताना सगळ्यात जास्त टोचतं ते घर-इस्टेटीचं बोलणं. "हे घर माझ्या मुलाचं आहे, चालती हो." "लेक म्हणजे परक्याचं धन." आपल्याकडे 1867 च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून चालत आलेला कायदा आहे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोच्या मालमत्तेत दोघांचा अर्धा-अर्धा हक्क, घर विकायचं तर दोघांची सही. आईबापांनी मृत्युपत्र केलं तरी अर्धी इस्टेट मुलांसाठी राखून ठेवावीच लागते आणि त्यात मुलगा-मुलगी भेद नाही. म्हणजे इथली सून "चालती हो" ऐकते तेव्हा ती बहुतेक वेळा नवऱ्याच्या वाट्यातल्या अर्ध्याची मालकीण असते. कायदा असून पण कित्येक बहिणी भावाला दुखवायचं नाही म्हणून नोटरीकडे जाऊन हिस्सा सोडल्याची सही करून येतात, आणि सिरियलमधली गुणी मुलगी पण अगदी तेच करते, डोळ्यांत पाणी आणून म्हणते "बाबा मला काही नको, फक्त माहेर हवं", आणि जी हिस्सा मागते ती कपाळावर मोठी टिकली लावलेली कारस्थानी नणंद. हे मला शिवीपेक्षा वाईट वाटतं. शिवी कानाला लागते तरी, हे लागतच नाही, सरळ आत जाऊन बसतं.

डब केलेल्या पिक्चरांबद्दल थोडक्यात. हिरो मुलीच्या मागे बस स्टॉपपर्यंत जातो, ती नाही म्हणते, त्याचा मित्र म्हणतो पोरी आधी नाहीच म्हणतात. दुपारच्या वेळी, शाळेतून आलेली मुलं समोर. ते चॅनल मी काढून टाकलं.

सेट-टॉप बॉक्सला चाइल्ड लॉक आहे, त्याचा इथे उपयोग शून्य. लॉक पूर्ण चॅनलला लागतं, आणि बॉक्सच्या हिशोबाने ही सगळी फॅमिली सिरियल. चॅनलवाल्यांच्या स्वतःच्या नियमात पण दोनच प्रकार, सगळ्यांनी बघण्यासारखं आणि रात्री 11 ते पहाटे 5 दाखवायचं, म्हणजे आठ वाजता जे बोललं जातं ते सगळ्यांसाठी योग्य असं धरूनच चालतात. केबलच्या 1994 च्या नियमात प्रोग्राम कोड आहे, म्हणजे कार्यक्रमात काय दाखवायचं नाही त्याची यादी, नियम 6. बायकांची बदनामी नको असं त्यात आहे, पण ते कलम मुख्यतः बाईचं शरीर कसं दाखवलं ह्यावर, तोंडाने मारलेले टोमणे त्यातून सहज निसटतात. त्याच नियमात पुढे असंही आहे की केबल ऑपरेटरने बायकांना चांगल्या, नेतृत्वाच्या भूमिकेत दाखवणारे कार्यक्रम देण्याचा प्रयत्न करावा. हे मी आमच्या केबलच्या ऑफिसात सांगितलं तर त्या माणसाने पहिल्यांदाच ऐकलं.

तक्रार करता येते हे मात्र सगळ्यांनी माहीत करून घ्या. 2021 पासून पद्धत अशी की आधी चॅनलकडे लिहायचं, त्यांनी 24 तासांत पोच द्यायची आणि 15 दिवसांत निर्णय, पटला नाही तर पुढच्या 15 दिवसांत त्यांच्या सेल्फ रेग्युलेटिंग संस्थेकडे अपील, तिथे 60 दिवस. मनोरंजनाच्या चॅनलसाठी अशी संस्था म्हणजे बीसीसीसी (ब्रॉडकास्टिंग कंटेंट कंप्लेंट्स कौन्सिल), 2011 पासून आहे, पडद्याच्या खाली पट्टी जाते बघा, ती. सिरियलचं नाव, तारीख, वेळ आणि डायलॉग जसाच्या तसा लिहून ठेवा. मी एका चॅनलला लिहिलं होतं, आजीच्याच एका वाक्याबद्दल. उत्तर आलं की सदर पात्र नकारात्मक दाखवण्यात आलेलं आहे. आजी! जिच्या पाया पडून घरातलं प्रत्येक काम सुरू होतं ती नकारात्मक! म्हणजे तक्रार वाचलीच नाही. अपील केलंय.

घेणाऱ्यांसाठी सल्ला एवढाच की पूर्ण पॅक घेऊ नका. 2019 पासून चॅनल सुटे घेता येतात, प्रत्येकाची किंमत बॉक्सवरच्या गाइडमध्ये दिसते, ऑपरेटर नाही म्हणाला तरी हट्ट धरा. आम्ही पुढच्या महिन्यापासून बातम्या, दोन मराठी चॅनल आणि मुलीचं कार्टून एवढंच ठेवतोय. सासूबाईंची साडेसातची सिरियल त्यांनी ठेवायला लावली, ती ठेवली, त्यातली सून निदान उलट बोलते.