मेढ्याच्या रस्त्यावरची बलेनो स्मार्ट हायब्रिड

पहाटे साडेपाचला मी गाडी काढते. साताऱ्यातल्या शाहूपुरीतून निघायचं, गोडोली, सदर बझार करायचं आणि उजाडता उजाडता मेढ्याच्या रस्त्याला लागायचं. घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेणं हे माझं काम. उपाशीपोटीची शुगर असते, म्हणून म्हातारी माणसं चहासुद्धा न घेता ओट्यावर वाट बघत बसलेली असतात. उशीर करून चालत नाही.

शेजारच्या सीटसमोर खाली माझा बर्फाचा डबा असतो. त्याला दोन गोष्टी सोसत नाहीत, ऊन आणि हिसके. नळी फार हलली तर तांबड्या पेशी फुटतात, सीरम लालसर येतं आणि पोटॅशियमचा आकडा खोटा वाढतो. मग परत त्याच घरी जाऊन, त्याच हाताला पुन्हा सुई. हे मला फार लागतं. म्हणून गाडी कशी आहे हे मी त्या डब्यावरून ठरवते.

गाडी २०१९ ची बलेनो, डेल्टा मॉडेल, ड्युअलजेट स्मार्ट हायब्रिड. एमएच-१२ पासिंगची, पुण्याहून जुनी घेतली. घेताना ४१ हजार किलोमीटर पडले होते, आता ७८ हजार झालेत. हे हायब्रिड मॉडेल मारुतीने एप्रिल २०१९ मध्ये आणलं, फक्त डेल्टा आणि झेटा या दोनच प्रकारांत. तेव्हाची दिल्लीची एक्स-शोरूम किंमत डेल्टाला ७.२५ लाख आणि झेटाला ७.८६ लाख. फेब्रुवारी २०२२ मध्ये नवी बलेनो आली. तिच्यात इंजिन हेच राहिलं, सिग्नलला आपोआप बंद होण्याची सोयही राहिली, पण लिथियम बॅटरी आणि तिच्यावर इंजिनाला मिळणारा जोर गेला. त्यामुळे ही बॅटरीची जोड बलेनोत हवी असेल तर आता जुनी गाडीच शोधावी लागते.

लोक मागचा बिल्ला वाचतात आणि विचारतात, "ताई, चार्जिंगला किती वेळ लागतो?" लागतच नाही. ही गाडी विजेवर एक फूटभरसुद्धा चालत नाही. इंजिनाला पट्ट्याने जोडलेलं एक यंत्र आहे, जनरेटर आणि मोटर दोन्ही एकात. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, ब्रेक दाबला की ते वीज तयार करतं. ती वीज शेजारच्या सीटखालच्या छोट्या लिथियम बॅटरीत साठते. पुन्हा पाय दिला की तेच यंत्र इंजिनाला थोडा हात देतं. नेहमीची ॲसिडची बॅटरी बॉनेटखाली वेगळी आहेच. एवढाच कारभार. बॅटरीवर चालणारी गाडी हवी असेल तर ही घेऊ नका. पण एवढ्याशा कारभारातून रोजच्या कामात किती फरक पडतो, ते मला सांगायचंय.

इंजिन ११९७ सीसीचं, चार सिलिंडरचं, बीएस-६. ड्युअलजेट म्हणजे प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर. ताकद ९० पीएस, ६००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेताना. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ११३ न्यूटन मीटर, ४४०० ला. त्याच वेळी साधी पेट्रोल बलेनो मिळायची तिची ताकद ८३ पीएस होती, पण टॉर्क तिचाही ११३ च. गिअर पाच, सगळे हाताने टाकायचे. वजन साडेनऊशे किलोच्याही आत. पेट्रोलची टाकी ३७ लिटरची, डिकी ३३९ लिटरची. माझ्या दोन पेट्या, घडीची खुर्ची आणि आमच्या आप्पांची काठी आत जाऊन वर जागा उरते.

आता सकाळचं सांगते. पहिल्यांदा चावी फिरवली की नेहमीचा स्टार्टर खर्र करतो, कुठल्याही गाडीसारखा. गोडोलीपर्यंत इंजिन तापतं. मग एखाद्या दारात थांबून मी न्यूट्रल करते, क्लच सोडते आणि इंजिन बंद पडतं. वायपर चालू, दिवे चालू, आणि बाकी चिडीचूप. क्लचवर पाय ठेवला की ते पुन्हा चालू होतं, तेव्हा मात्र खर्र नाही की हादरा नाही. पट्ट्यानेच इंजिन फिरतं. डब्यातल्या पाण्यावर तरंगसुद्धा उठत नाही, मी मुद्दाम झाकण काढून पाहिलंय. आप्पा पहिल्यांदा बसले तेव्हा मोती चौकात म्हणाले, "बंद पडली गं, बॉनेट उघड." आप्पांनी एसटीच्या वर्कशॉपात सगळी नोकरी केली, बंद पडलेल्या इंजिनाशी त्यांचं आयुष्य गेलं. मी क्लच दाबला. ते कान देऊन ऐकत राहिले, आणि पुढे राजवाड्यापर्यंत तीन वेळा मला न्यूट्रल करायला लावून ऐकलं.

पोवई नाक्याला २०२१ मध्ये ग्रेड सेपरेटर, म्हणजे खालून जाणारा रस्ता, झाला, तरी वरच्या रस्त्यांवर सकाळी दहानंतर गर्दी असतेच. परतीला तिथे आणि राजपथावर इंजिन आठ-दहा वेळा तरी बंद होतं. पेट्रोल वाचतं ते इथे. उन्हाळ्यात मात्र एक लक्षात ठेवा. इंजिन बंद झालं की एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, फक्त वारा येत राहतो. एप्रिल-मेमध्ये डबा भरलेला असेल तर मी डॅशबोर्डवरचं बटण दाबून ही सोयच बंद करते. दर वेळी गाडी चालू केली की ती परत चालू झालेली असते, म्हणजे बटणही रोज दाबायचं.

पिकअपचं बोलायचं तर सपाट रस्त्यावर, चौथ्या-पाचव्यात मोटरचा हात जाणवत नाही. तो जाणवतो खालच्या आरपीएमला. कण्हेर धरणाच्या बाजूने जाताना मधे गतिरोधक येतात. साध्या पेट्रोल गाडीला तिथे दुसऱ्यावरून पहिल्यावर यावं लागतं, ही दुसऱ्यातच उचलते. त्या एका क्षणाला, इंजिनाला दम धरायला वेळ लागतो तिथेच, मागून कुणीतरी हळूच ढकलल्यासारखं वाटतं. हिसका नाही. यवतेश्वरच्या घाटातही वळण संपताना हेच होतं. चारजण बसवून, एसी लावून कासला निघालात तर मात्र बॅटरीतली साठवण चढावर लवकर संपते आणि पुढे सगळं इंजिनावर. तेव्हा तीन हजार आरपीएमच्या वर ठेवूनच चालवायची, नाहीतर रडते. ९० पीएस वर आहेत, खाली नाहीत.

केळघरच्या घाटातून मेढ्याकडे उतरताना मला ही गाडी सगळ्यात आवडते. दुसऱ्या-तिसऱ्यात पाय काढून सोडून द्यायची. इंजिनाचा रोध असतोच, त्यात वीज तयार करण्याचा थोडा रोध मिळतो आणि ब्रेकवर पाय कमी जातो. पावसाळ्यात धुक्यात पुढचं वळण दिसत नसताना हा धिमेपणा फार बरा वाटतो. पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत, माझ्या वेगाला पुरतात.

स्टिअरिंग बोटाने फिरेल इतकं हलकं आहे, वळणाची त्रिज्या ४.९ मीटर. शाहूपुरीच्या बोळात एका दमात वळते. घाटात मात्र वळणानंतर ते आपणहून झटकन सरळ होत नाही, हाताने आणावं लागतं. सवय होते. डेल्टाला १५ इंची चाकं आहेत, १८५/६५ चे टायर. झेटाला १६ इंची, ५५ चे. दिसायला झेटा देखणी, पण मी डेल्टाच सुचवेन. टायरची भिंत उंच असली की खड्ड्याचा मार डब्यापर्यंत येत नाही. टायरमधली हवाही मी दर सोमवारी थंड चाकाला तपासते, पंपावरचा पोऱ्या देईल तेवढी भरून घेत नाही. जमिनीपासून उंची १७० मिलिमीटर आहे. मेढ्याच्या पुढच्या वाड्यांत दोन-तीन ठिकाणी खाली घासली आहे, तेही मागे तिघे बसलेले असताना.

ॲव्हरेज. कंपनीचा चाचणीतला आकडा २३.८७ किलोमीटर, साध्या पेट्रोलचा २१.४. मी टाकी फुल ते टाकी फुल मोजते आणि डायरीत लिहिते. सकाळच्या फेरीला, म्हणजे गाव आणि मेढा मिळून, १९ च्या आसपास. हायवेने पुण्याला गेले, ऐंशी-नव्वदच्या वर नेली नाही, तर २२. जाताना बोगदा आणि येताना खंबाटकीचा घाट, दोन्ही धरून. नुसतं सातारा शहर, भर दुपारी, एसी लावून, १६.

एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण जुनी हायब्रिड घेणाऱ्याचे यात पैसे जातात. मागच्या जानेवारीत इंजिन आपोआप बंद होणं थांबलं. हायवेकडेच्या एका गॅरेजात दाखवली. दोन मिनिटांत उत्तर आलं, "हायब्रिडची बॅटरी गेली, मॅडम." आणि आकडा सांगितला चाळीस हजारांच्या पुढचा. मी त्या रात्री झोपले नाही. सकाळी आप्पांनी मल्टिमीटर काढला आणि सीटखाली नाही, बॉनेटखाली लावला. साधी बॅटरी उभ्या गाडीत १२ व्होल्टच्या खाली. आधीच्या मालकाने स्वस्तातली नेहमीची बॅटरी टाकून दिली होती. सारखी बंद-चालू होणाऱ्या गाडीला त्यासाठीची मजबूत बॅटरी वेगळी येते. ती बसवली, साडेसहा हजार गेले. तिसऱ्या दिवशी सदर बझारात इंजिन पुन्हा गपकन थांबलं. सीटखालची बॅटरी ठणठणीत होती आणि आजही आहे.

म्हणून घेताना मालकाला सांगा, गाडी आधीपासून तापवून ठेवू नका. थंड इंजिनावर स्वतः चालू करा, दहा मिनिटं फिरवा, एसी बंद ठेवा, सीटबेल्ट लावा, मग न्यूट्रल करून क्लच सोडा. बंद झाली पाहिजे आणि आवाज न करता चालू झाली पाहिजे. नाही झाली तर आधी पुढची बॅटरी कुठली आहे ते बघा आणि मगच किमतीचं बोला. चालू होताना चर्र असा आवाज आला तर पट्टा बघून घ्या, या गाडीत त्याच्यावर जास्त काम आहे. सीटखाली हात घालून वाऱ्याची जागा चिंध्या-पिशव्यांनी बुजलेली नाही ना तेही बघा. माझ्या गाडीत तिथे एक आख्खं पायपुसणं कोंबलेलं निघालं.

आणि आता सुरक्षिततेचं. २०२१ मध्ये लॅटिन एनकॅप या लॅटिन अमेरिकेतल्या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने भारतात बनलेल्या, दोन एअरबॅगच्या बलेनोची धडक चाचणी केली, तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. दोनच एअरबॅग माझ्याही गाडीत आहेत. रोज रात्री हायवेने पुणे-कोल्हापूर करणाऱ्याला मी ही गाडी घे म्हणणार नाही. माझं काम पन्नासच्या वेगाच्या आतलं, थांबत थांबत करायचं, आणि त्याला हिच्यासारखी दुसरी मला मिळाली नाही. मागे बसणाऱ्यालाही मी पट्टा लावल्याशिवाय गाडी हलवत नाही, मग पेशंटचा नातेवाईक कितीही घाईत असो.

इंजिनाचा तो पट्टा मी ८० हजार किलोमीटरला बदलून घेणार आहे. आप्पांनी त्यासाठी एक रविवार आत्ताच राखून ठेवलाय.