पायथनमध्ये यादी छापताना रिकामी मूल्यं गाळायची, तर कोणती रीत घ्यावी?

यादी छापली की मध्येच ‘नन’ (मूल्यच नाही, असं सांगणारी पायथनची खूण) डोकावतो, कुठे दोन स्वल्पविराम शेजारी शेजारी येतात, आणि रिकामी मूल्यं गाळायला हवी होती हे तेव्हा ध्यानात येतं. गाळायच्या रीती चार-पाच आहेत आणि एकीलाही फार ओळी लागत नाहीत. त्यामुळे बरेच जण सर्वांत आखूड रीत उचलतात. मला हे पटत नाही, कारण या रीतींमधला खरा फरक लांबीचा नाहीच. ‘रिकामं’ कशाला म्हणायचं, याचं प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे.

समजा ‘नोंदी’ नावाच्या लिस्टमध्ये तापमानाच्या नोंदी आहेत: २३, ०, नन, १९, एक रिकामी स्ट्रिंग (मजकुराचं मूल्य) आणि एक नुसत्या स्पेसची स्ट्रिंग. आपल्या दृष्टीने शून्य हे रीतसर मोजलेलं तापमान आहे. नन आणि दोन्ही स्ट्रिंगा रिकाम्या. पायथनला मात्र नुसतं ‘इफ क्ष’ असं विचारलं, तर तो ०, नन आणि रिकामी स्ट्रिंग यांना एकाच पंगतीत बसवतो. ०.०, फॉल्स, रिकामी लिस्ट, रिकामी डिक्शनरी हेही त्याच पंगतीत. स्पेसची स्ट्रिंग त्याच्या लेखी भरलेली असते. म्हणजे ठेवायचं ते गेलं आणि घालवायचं ते राहिलं, तेही कुठलीच एरर न येता.

‘फिल्टर(नन, नोंदी)’ ही आखूड रीत नेमकं हेच करते. फंक्शनच्या जागी नन दिला की पायथन त्याच्या हिशेबाने खरी ठरणारी मूल्यंच पुढे सोडतो. यादीत फक्त नावं किंवा पत्त्याच्या ओळी असतील, तर ही रीत स्वच्छ आणि पुरेशी आहे. एक लक्षात ठेवा: पायथन ३ मध्ये फिल्टर लिस्ट देत नाही, इटरेटर (मागेल तसं एकेक मूल्य देणारा ऑब्जेक्ट) देतो. तो थेट प्रिंटला दिला तर मूल्यांऐवजी त्या ऑब्जेक्टचं वर्णन छापलं जातं, आणि एकदा वापरून झाला की दुसऱ्यांदा हाती काही लागत नाही. त्याला ‘लिस्ट()’मध्ये गुंडाळा, की दोन्ही अडचणी मिटतात. तो वेगवान आहे म्हणून निवडावा, असं सुचवलं जातं. पण छापण्याच्या कामात स्क्रीनवर मजकूर काढायलाच जास्त वेळ जातो, तेव्हा त्या वेगावर निर्णय टेकवू नये.

माझी पसंती लिस्ट कॉम्प्रिहेन्शनला, म्हणजे एका ओळीत अटीसह नवी लिस्ट बनवण्याच्या रीतीला. ‘[क्ष फॉर क्ष इन नोंदी इफ क्ष इज नॉट नन]’ या ओळीत अट उघड दिसते. शून्य वाचतो, मूळ लिस्टला धक्का लागत नाही, आणि सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्यालाही कळतं की इथे ‘रिकामं’ म्हणजे फक्त नन. स्ट्रिंगा असतील तर अट ‘इफ क्ष अँड क्ष.स्ट्रिप()’ अशी करा; स्ट्रिप कडेच्या स्पेस काढून टाकतो. आधीचा ‘क्ष अँड’ गाळू नका, कारण ननवर स्ट्रिप चालवला की ॲट्रिब्यूट एरर येते. वरच्यासारखी सरमिसळ असेल, तर ‘रिकामं आहे का’ हे ठरवणारं छोटं फंक्शन लिहा आणि अटीत तेच वापरा.

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी मूल्यं वेगळी केलेली) फाइल वाचणाऱ्यांनी इथे खास सावध राहावं. सीएसव्ही रीडर साधारणपणे प्रत्येक मूल्य स्ट्रिंग म्हणूनच देतो. स्ट्रिंगमधला ‘०’ हा पायथनच्या लेखी भरलेला असतो, म्हणून ‘इफ क्ष’ छान चालतं. पुढे कोणीतरी त्या रकान्याचे आकडे करून घेतो आणि त्या दिवसापासून तीच ओळ शून्यं गाळू लागते. ओळीला कोणी हात लावलेला नसतो, त्यामुळे शोध भलतीकडेच सुरू होतो. आकड्यांची यादी असेल तिथे नुसतं ‘इफ क्ष’ लिहूच नये, असं मी ठामपणे सांगेन.

डेटा पॅन्डासमधून (तक्ते हाताळणारी पायथनची लायब्ररी) आला असेल तर नॅनचा, म्हणजे ‘हा आकडा नाही’ असं सांगणाऱ्या खास मूल्याचा, विचार करावा लागतो. नॅन नन नाही, रिकामाही मानला जात नाही, शिवाय तो स्वतःशीसुद्धा समान नसतो. ‘इफ क्ष’ आणि ‘इफ क्ष इज नॉट नन’ या दोन्ही अटींमधून तो सहज निसटतो. ‘मॅथ.इजनॅन’ त्याला पकडतं, पण आकडाच हवा, स्ट्रिंग चालत नाही. डेटा पॅन्डासमध्येच असेल तर ‘ड्रॉपएनए’ नन आणि नॅन दोन्ही काढून टाकतं. रिकाम्या स्ट्रिंगा मात्र तशाच राहतात. केवळ छापण्यासाठी पॅन्डास आणायची गरज नाही.

साधा फॉर लूप आणि ‘कंटिन्यू’ (हे मूल्य सोडून पुढच्याकडे जा) ही जोडी प्रत्येक मूल्यावर तीन-चार ओळींचं काम असेल तेव्हा घ्यावी. लूपमध्येच ‘रिमूव्ह’ करून मूळ लिस्ट छाटायचा मोह मात्र आवरा. एक घटक काढला की मागचे सगळे एक जागा पुढे सरकतात, लूप आपला पुढच्या जागेवर जातो, आणि लागून आलेल्या दोन रिकाम्यांपैकी एक शिल्लक राहतो.

गाळून झाल्यावर छापायचं कसं? उरलेल्या लिस्टला ‘भरलेल्या’ म्हणू. मूल्यं जोडून एक ओळ करणाऱ्या ‘जॉइन’ला फक्त स्ट्रिंगा चालतात, आकडा दिसला की टाइप एरर, म्हणून आधी ‘मॅप(एसटीआर, भरलेल्या)’ करावं लागतं. ‘प्रिंट(*भरलेल्या, सेप=', ')’ कोणतंही मूल्य घेतं. स्क्रीनवरच दाखवायचं असेल तर प्रिंट, आणि तयार ओळ फाइलमध्ये किंवा दुसऱ्या मजकुरात घालायची असेल तर जॉइन.

अनुक्रमांकही छापायचे असतील तर क्रम आधी ठरवा. क्रमांक देणारं ‘एन्युमरेट’ आधी लावून मग गाळलं, तर मूळ जागांचे क्रमांक टिकतात आणि मध्ये खंड दिसतो; गाळून मग लावलं तर सलग क्रमांक येतात. नावं आणि मूल्यं अशा दोन याद्या असतील, तर ‘झिप’ने जोड्या लावून मगच गाळा, नाहीतर एकाचं मूल्य दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसतं.

रकान्यांचा तक्ता छापत असाल तर गाळूच नका. एक मूल्य गेलं की त्या ओळीतले पुढचे सगळे डावीकडे सरकतात. तिथे ‘[क्ष इफ क्ष इज नॉट नन एल्स '-' फॉर क्ष इन ओळ]’ असं लिहून रिकाम्या जागी आडवी रेघ ठेवा.