सिस्टम ड्राइव्हचं अक्षर बदललंय? विंडोजच्या तीन साधनांपैकी कामाचं एकच

नव्या एसएसडीवर क्लोन केलेलं (जुन्या डिस्कवरून जसंच्या तसं उतरवलेलं) विंडोज सुरू होतं, पासवर्डही घेतं आणि मग नुसता काळा पडदा दाखवतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर आला, तर त्यातून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘सेट सिस्टमड्राइव्ह’ ही कमांड द्या. उत्तर ‘डी:’ आलं की दुखणं कळलं. लॉगिननंतर जी युजरइनिट फाइल चालायला हवी, तिचा पत्ता रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात) सी ड्राइव्हवरचा लिहिलेला असतो. तिथे ती सापडत नाही, म्हणून डेस्कटॉप उघडत नाही.

हे होतं ते जुनी डिस्क जोडलेली ठेवून क्लोनवरून पहिल्यांदा बूट केल्यामुळे. कोणतं अक्षर कोणत्या पार्टिशनचं (डिस्कच्या भागाचं), ही यादी विंडोज रजिस्ट्रीत ठेवतं आणि क्लोनबरोबर तीही जशीच्या तशी येते. यादीत सी म्हणजे जुनी डिस्क. ती समोर दिसतेय म्हटल्यावर सी तिलाच मिळतं. क्लोन झाल्यावर मशीन बंद करून जुनी डिस्क काढली आणि मगच बूट केलं, तर सहसा हा सगळा उपद्व्याप टळतो.

आता विंडोजसोबत फुकट मिळणारी साधनं. डिस्क मॅनेजमेंट दिसायला सर्वांत सोपं, पण या कामाला शून्य उपयोगाचं: चालू विंडोजच्या ड्राइव्हचं अक्षर ते बदलूच देत नाही. डिस्कपार्ट हे कमांडवर चालणारं साधनही चालू विंडोजमध्ये असाच नकार देतं. खरा घोळ पुढे होतो. लोक इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून बूट करतात, तिथे डिस्कपार्टने अक्षर बदलतात, ते विनातक्रार बदलतं आणि रीस्टार्टनंतर परत ये रे माझ्या मागल्या. कारण पेनड्राइव्हवरून उघडणाऱ्या या रिकव्हरीतली अक्षरं त्या वातावरणापुरतीच असतात. तुमचं विंडोज तिथे डी वर दिसलं म्हणून घाबरूही नका. बऱ्याचदा तिथलं सी हे लहानसं सिस्टम रिझर्व्ह्ड पार्टिशन असतं. डिस्कपार्ट वापरा, पण टेहळणीपुरतं: ‘लिस्ट व्हॉल्यूम’ने विंडोज कुठे आहे ते बघा, डिस्क निवडून ‘युनिकआयडी डिस्क’ने तिची सही (ओळखक्रमांक) टिपून ठेवा.

प्रत्यक्ष काम करतो तो रेजएडिट, म्हणजे विंडोजचा रजिस्ट्री एडिटर. पेनड्राइव्हवरून बूट करून शिफ्ट आणि एफ१० दाबा, ‘रेजएडिट’ टाइप करा. समोर येते ती रिकव्हरीची स्वतःची रजिस्ट्री. तिच्यात बदल करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ‘एचकी लोकल मशीन’वर क्लिक करा (त्याशिवाय मेनूतलं ‘लोड हाइव्ह’ फिकंच राहतं; हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीची फाइल) आणि तुमच्या विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरातली ‘सिस्टम’ नावाची फाइल उघडा. त्याआधी तिची एक प्रत काढून ठेवा. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून रेगबॅक फोल्डरात आपोआप बॅकअप होत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

हाइव्हला काहीही नाव देऊन आत ‘माउंटेडडिव्हाइसेस’ उघडा. ‘डॉसडिव्हाइसेस’ने सुरू होणाऱ्या नोंदींपैकी आपली कोणती ते ओळखायचंय. डिस्कची पार्टिशनं मांडायच्या पद्धती दोन: जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. एमबीआर डिस्कची नोंद १२ बाइटची असते: पहिले ४ बाइट सही, पुढचे ८ पार्टिशनची सुरुवात. सही उलट क्रमाने असते. डिस्कपार्टने १२३४५६७८ दाखवलं असेल तर इथे ७८ ५६ ३४ १२ शोधा. पुढे ०० ०० १० ०० दिसलं तर पार्टिशन १ एमबीपासून सुरू होतं. जीपीटी डिस्कची नोंद २४ बाइटची: आधी ‘डीएमआयओ:आयडी:’, मग पार्टिशनचा १६ बाइटचा ओळखक्रमांक.

नाव बदलून सी ची नोंद आधी झेड करा, मग आपली डी ची नोंद सी करा. क्रम उलटा केला तर एकाच नावाच्या दोन नोंदी होतात आणि रेजएडिट अडतो. शेवटी लोड केलेल्या हाइव्हच्या मुळावर क्लिक करून ‘अनलोड हाइव्ह’ करा, मशीन बंद करा, जुनी डिस्क काढा आणि सुरू करा. टास्क मॅनेजर उघडत असेल तर हेच चालू विंडोजमध्येही जमतं. तिथे हाइव्ह लोड करायची गरज नाही.

रेजएडिटचा मोठा दोष म्हणजे तो काही विचारत नाही, सावधही करत नाही. विंडोज मुळातच डी वर इन्स्टॉल झालं असेल तर त्याला हात लावू नका. तिथे रजिस्ट्रीतले असंख्य पत्ते डी चेच असतात; अक्षर बदललंत तर चालू मशीन बंद पाडाल. मायक्रोसॉफ्टच्या मदतलेखातही हा उपाय अक्षर मागाहून बदललं असेल तेव्हाच करा, असं बजावलंय. सगळे पत्ते शोधून बदलून देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा नव्याने इन्स्टॉल केलेलं बरं.

जुन्या काळी डिस्कची सही पुसून अक्षरं नव्याने वाटून घ्यायची युक्ती चालायची. एमबीआर डिस्कवरच्या विंडोज व्हिस्टा किंवा त्यानंतरच्या मशीनवर ती करू नका. बूटची नोंदही त्याच सहीवर टेकलेली असते, मग मशीन बूटच होत नाही. आणि ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवूनच बसा, नाहीतर कॉन्फिग फोल्डर उघडणारसुद्धा नाही.